आवाज मागून येतो

अगं, तुझा फोन आला, तिकिटं निघाली म्हणालीस, फार बरं वाटलं. मेच्या सुट्टीत तू, जावईबुवा, दोन्ही पोरं आणि सांगलीहून तुझे सासू-सासरे. पण शेवटी जे विचारलंस ना, "मावशी, रॉकेट बघायला कुठल्या तारखेला येऊ?", तेव्हाच ओळखलं की तुला बसवून चार गोष्टी सांगायला हव्यात. फोनवरचं बोलणं एका कानातून शिरतं, दुसऱ्या कानातून जातं. म्हणून लिहून पाठवतेय. जपून ठेव आणि विमानात पुन्हा एकदा वाच.

मी इथे फ्लोरिडात लग्न होऊन आले १९८५च्या दिवाळीआधी. मेरिट आयलंड म्हणजे दोन खाड्यांच्या मधली पट्टी. पूर्वेकडचा पूल ओलांडला की कोको बीच, उत्तरेला केप कॅनाव्हरल. आमच्या शेजारी एक म्हातारे राहायचे. अपोलोच्या काळात त्यांनी लाँचपॅडवर पाइप आणि झडपा तपासायचं काम केलेलं. मी त्यांना 'आजोबा' म्हणायचे. अर्थ सांगितला तेव्हा खूश झाले आणि मग साऱ्या गल्लीचेच आजोबा झाले. समुद्रावर उभं राहून रॉकेट कसं बघायचं ते मी त्यांच्याकडून शिकले. आता तुझ्या कानात सांगते, तू पोरांच्या कानात सांग.

तारीख नको, आठवडा धर

'रॉकेट बुधवारी आहे' याचा अर्थ 'बुधवारी झालं तर झालं' एवढाच. आपल्याकडे मुहूर्त चुकायला आला की भटजी दोन मंगलाष्टकं गाळतात. इथे तसं चालवून घेणारं कोणी नाही. ढग, वारा, एखादी झडप, समुद्रात शिरलेली एखादी बोट, यांतलं काहीही आडवं आलं की त्या दिवशीचं उड्डाण रद्द. त्याला इथे 'स्क्रब' म्हणतात. हा शब्द पोरांना आधीच शिकवून ठेव, म्हणजे रडारड कमी होईल.

आपला शुभांशू शुक्ला अवकाशात गेला त्याचंच बघ. मुहूर्त होता २९ मे २०२५चा. मग कधी हवामान, कधी रॉकेटमधली ऑक्सिजनची गळती, कधी अवकाशस्थानकावरची तपासणी, असं एकेक निघत गेलं आणि उड्डाण झालं २५ जूनला. चार आठवडे! त्यासाठी भारतातून ठरावीक दिवसांची सुट्टी काढून कोणी आलं असेल, तर त्याचं काय झालं असेल ते तूच समज.

म्हणून निदान पाच-सहा रात्री इथेच मुक्काम ठेव. ऑरलँडोची डिस्ने वगैरे फिराफिरी आधी नको, नंतर ठेव, म्हणजे दिवस मागेपुढे सरकवता येतील. आता एक मात्र बरं झालंय. स्पेस शटल यानांची उड्डाणं ३० वर्षांत मिळून १३५ झाली होती. हल्ली २०२४च्या एका वर्षात इथून ९०हून अधिक रॉकेटं गेली. आठवडाभर राहिलीस तर एखादं तरी पदरात पडेल.

मुहूर्ताची लांबी विचार

प्रत्येक उड्डाणाला वेळेची एक 'विंडो' असते. काहींची काही तासांची, काहींची एका क्षणाची. अवकाशस्थानकाकडे जाणारं यान क्षणाच्या मुहूर्तावर जातं. पृथ्वी फिरता फिरता केप कॅनाव्हरल त्या स्थानकाच्या कक्षेच्या बरोबर खाली येतो, तेव्हाच सुटायचं. तो क्षण हुकला की पुढचा प्रयत्न दुसऱ्या दिवशी, आणि तोही वीस-पंचवीस मिनिटं अलीकडे. उपग्रह नेणाऱ्या बऱ्याच रॉकेटांना मात्र सवड असते. आठची वेळ हुकली तर साडेनऊला जाईल. अशा दिवशी आठ वाजून गेले म्हणून चटई गुंडाळायची नाही.

रात्री बाराचं गणित

यात भलेभले फसलेत. '१२ तारीख, रात्री १२ वाजून ४० मिनिटं' असं लिहिलेलं असेल तर ती ११ तारखेची रात्र. जेवून, पोरांना झोपवून अकराच्या रात्री निघायचं. आमच्या दिरांच्या ओळखीचं एक कुटुंब बाराच्या संध्याकाळी थर्मास-बिर्मास घेऊन थेट आमच्या दारात हजर झालं. रॉकेट जाऊन अठरा तास झाले होते. त्यांना थालीपीठ करून घातलं, दुसरं काय करणार?

दुसरी गोम घड्याळाची. मेमध्ये आपण भारताच्या साडेनऊ तास मागे असतो, हिवाळ्यात साडेदहा. भारतातल्या बातमीत 'दुपारी बारा' असेल, तर इथे अजून रात्र असते. शुभांशूचं रॉकेट इथल्या घड्याळाने रात्री २ वाजून ३१ मिनिटांनी सुटलं, तेव्हा सांगलीत दुपारचे १२ वाजून १ मिनिट झालं होतं. व्हॉट्सॅपवर आलेली वेळ कधी खरी धरू नकोस. इथल्या वेळेत लिहिलेली बघ आणि निघण्याआधी पुन्हा बघ.

जागा निवडताना आधी पॅड विचार

लाँचपॅड एक नाही, पुष्कळ आहेत. ३९-ए हा जुना मानाचा पॅड, अपोलो ११ तिथूनच चंद्राकडे गेलं. हल्ली सगळ्यांत गजबजलेला पॅड ४०. बातमीत पॅडचा आकडा असतोच. तो बघितल्याशिवाय जागा ठरवायची नाही.

सासूबाई-सासरे आणि पोरं बरोबर असताना माझं मत कोको बीचला. तिथल्या लाकडी धक्क्यापासून पॅड ४० साधारण २२ किलोमीटर. स्वच्छतागृह आहे, खायला-प्यायला मिळतं, रात्री दिवे असतात. ५२० नंबरचा रस्ता जिथे समुद्राला लागतो, तिथे ॲलन शेपर्डच्या नावाची बाग आहे. १९६१च्या ५ मेला अवकाशात गेलेला पहिला अमेरिकन तो. तोही इथूनच गेला.

त्याहून जवळ हवं असेल तर बंदराच्या तोंडाशी जेटी पार्क. तिथून पॅड ४० सतरा-अठरा किलोमीटर. गाडीचे पैसे पडतात आणि मोठ्या लाँचला जागा लवकर भरते. आधी चौकशी केल्याशिवाय जाऊ नकोस.

सगळ्यांत जवळचा किनारा प्लायालिंडा, पॅडांच्या उत्तरेला. ३९-ए तिथून पाच-सहा किलोमीटरवर. पण म्हणूनच त्या पॅडवरून उड्डाण असलं की तो बहुतेक वेळा बंद करतात. रात्री तर बंदच असतो. आणि बाई, तिथे गेलात तर रस्त्याच्या टोकाला जे शेवटचं, तेरावं पार्किंग आहे तिकडे सासूबाईंना नेऊ नकोस. तिकडे लोक अंगावर सूतही न ठेवता ऊन खात पडलेले असतात. मला कोणी सांगितलं नव्हतं. तुझ्या काकांना सांगितलेलं असावं अशी मला अजून शंका आहे.

समुद्राकडे नको, डावीकडे बघ

कोको बीचवर नवखा माणूस लगेच ओळखू येतो. तो समुद्राकडे तोंड करून उभा असतो. रॉकेट समुद्रावर जाणार हे त्याने ऐकलेलं असतं. पण ते निघतं जमिनीवरून, आणि ती जमीन तुझ्या डाव्या हाताला, म्हणजे उत्तरेला. पाण्याकडे तोंड केलंस की डावीकडे वळायचं आणि किनाऱ्याची रेघ जिथे संपते तिथे नजर लावायची. पॅड स्वतः दिसत नाही. झाडं आणि इमारतींच्या वर एकदम पिवळाधमक ठिणगा उगवतो, तेच रॉकेट.

मग ते उजवीकडे झुकत समुद्रावर येतं. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेला फिरते आणि या अक्षांशावर तो वेग ताशी सुमारे १,४७० किलोमीटर भरतो. पूर्वेकडे सुटलं की तेवढी ढकल फुकटात मिळते. शिवाय काही बिघडलंच तर खाली गाव नाही, पाणी आहे. केपची जागा याचसाठी निवडली. अवकाशस्थानकाकडे जाणारं रॉकेट ईशान्येला, किनाऱ्याच्या कडेकडेने जातं, ते आपल्यापासून दूर पळतं. आग्नेयेला जाणारं मात्र कोको बीचच्या समोरून जातं. तसं मिळालं तर नशीब.

हवामानाचा आकडा उलटा वाच

इथल्या स्पेस फोर्सची ४५वी हवामान तुकडी प्रत्येक लाँचआधी टक्केवारी देते. ३० टक्के वाचून लोक हिरमुसतात. अगं, तो आकडा विघ्नाचा असतो! ३० टक्के म्हणजे हवामान नियमात न बसण्याची शक्यता ३० टक्के. उरलेले ७० आपले. पण बातम्यांत कधी कधी फिरवून 'अनुकूल ७० टक्के' असंही लिहितात. म्हणून आकड्याच्या मागचा शब्द वाचल्याशिवाय पिशवी भरू नकोस आणि रिकामीही करू नकोस.

मेमध्ये इथे दुपारचे गडगडाटी ढग जमायला लागतात. पॅडवर लख्ख ऊन असलं तरी १० सागरी मैलांत, म्हणजे साडेअठरा किलोमीटरच्या आत वीज चमकली की पुढचा अर्धा तास गाडं अडलंच. लोक म्हणतात, एवढी भीती कसली? भीती नव्हे, अनुभव. १९६९च्या १४ नोव्हेंबरला अपोलो १२ पावसाळी ढगांत शिरलं आणि पहिल्या मिनिटाच्या आत त्याच्यावर दोनदा वीज पडली. आकाशात आधी वीज चमकत नव्हती. रॉकेट आणि त्याच्या मागची तापलेल्या वायूची लांब शेपटी, यांनीच ढगातून ती ओढून घेतली. ते लोक वाचले, चंद्रावर जाऊनही आले. नियमांची वही मात्र तेव्हापासून जाड झाली.

म्हणून मेमध्ये निवड असेल तर सकाळचं किंवा रात्रीचं लाँच धर. सूर्योदयाच्या अर्धा-पाऊण तास आधीचं मिळालं तर मुलांना उचलून ने, पण चुकवू नकोस. खाली अंधार असतो आणि रॉकेट उंचावर जाऊन उन्हात शिरतं. मग त्याचा धूर निळा-पांढरा फुलत जातो, मोठ्या जेलीफिशसारखा. सूर्य मावळल्यावर तेवढ्याच वेळाने सुटलेलंही तसंच दिसतं.

पिशवीत काय भरायचं

दशम्या, दाण्याची चटणी, तिखटमिठाच्या पुऱ्या. सॅण्डविच नको, वाळू बसते. डबा झाकूनच खायचं, कारण इथले सीगल आपल्या मंदिरातल्या माकडांचे सख्खे भाऊ. पाणी अंदाजाच्या दुप्पट. काचेची बाटली आणू नकोस, वाळूत फुटली की कोणाच्या तरी पायात जाते. सासऱ्यांसाठी घडीची खुर्ची माझ्याकडे आहे, ती घ्या. संध्याकाळी चिलटांसारखे बारीक किडे चावतात, दिसतसुद्धा नाहीत, त्यासाठी मलम. दिवसा टोपी. दुर्बीण असेल तर आण. पोरांना ती रॉकेटवर देशील, पण सूर्याकडे धरू देऊ नकोस.

वाळूच्या टेकड्यांवरून शॉर्टकट मारायचा नाही. तिथल्या उंच गवताची मुळंच वाळू धरून ठेवतात, ते उपटणं इथे गुन्हा आहे. लाकडी वाट केलेली असते, तिथूनच उतरायचं. आणि लाँचची वाट बघता बघता पोरांना पाण्यात सोडून तुम्ही सगळे आकाशाकडे बघत बसलात, असं होता कामा नये. इथे आत ओढणारे प्रवाह असतात. उलटी गणती सुरू झाली की पोरं पाण्याबाहेर, हा आमच्या घरचा नियम.

रात्री टॉर्च लावू नकोस

मार्च ते ऑक्टोबर इथे समुद्री कासवं अंडी घालायला किनाऱ्यावर येतात. पांढऱ्या उजेडाने मादी बिचकून परत फिरते, आणि पिल्लं समुद्र सोडून दिव्याकडे चालायला लागतात. वेळासला गेलो होतो आपण, आठवतं? तिथे पिल्लं पाण्याकडे कशी सुटली होती! तीच जात नसली तरी गोत तेच. फोनचा टॉर्च नाही, फ्लॅश नाही. पाच मिनिटं गेली की अंधारातही दिसायला लागतं. जाताना पोरांनी खणलेले खड्डेही बुजवून जा, त्यांत मादी अडकते.

फोन खिशात, कान मोकळे

थेट प्रक्षेपण हा शब्दच फसवा. फोनवरचं चित्र खऱ्या वेळेच्या मागे असतं, कधी दहा सेकंद, कधी त्याहून कितीतरी जास्त. मी माणसं पाहिलीत, फोनवर 'बारा, अकरा' मोजत असतात आणि त्यांच्या डोक्यावर रॉकेट निघून गेलेलं असतं. शिवाय गर्दी झाली की नेटवर्क बसतंच. म्हणून घड्याळ आधी सेकंदाला सेकंद लावून घे आणि त्यावर चाल.

फोनचा उपयोग आधी. सध्याचं फाल्कन ९ रॉकेट असेल तर सुटायच्या ३५ मिनिटं आधी त्यात केरोसीन आणि अतिथंड ऑक्सिजन भरायला घेतात. ती बातमी आली की आशा धर. त्यानंतर कुठे अडलं तर थोडं थांबून पुढे जाणं बहुधा होत नाही, कारण भरलेला ऑक्सिजन तापायला लागतो.

जावईबुवांना सांग, पहिल्या लाँचचा फोटो काढायचा नाही. आजोबांचा हा नियम होता आणि माझाही आहे. फारच हात शिवशिवत असले तर रात्रीच्या लाँचला कॅमेरा तिकाटण्यावर ठेवायचा, छिद्र बारीक करायचं, दोन-तीन मिनिटं पडदा उघडा ठेवायचा आणि स्वतः मात्र आकाशाकडे बघायचं. उजेडाची कमान आपोआप उमटते.

आवाज मागून येतो

आता खरा कानमंत्र.

उजेड लगेच दिसतो. आवाज तीन सेकंदांत एक किलोमीटर येतो. म्हणजे पॅड ४० वरून सुटलेल्या रॉकेटचा आवाज धक्क्यापाशी पोचायला एक मिनिटाहून थोडं जास्त लागतं. तोवर ते निःशब्द चढत असतं. नवे लोक म्हणतात, "एवढंच?" आणि चपला शोधायला लागतात. थांब. आधी पायांखाली कळतं, मग छातीत, मग कानांत. कापड फाडल्यासारखा तडतडाट येतो. पोरांना आधीच सांग, उजेड दिसला की मोठ्याने आकडे मोजा, साठाच्या पुढे गेलात की येईल. त्यांना अंतर कळेल आणि भीतीही वाटणार नाही.

मला हे कळलं ते फार वाईट दिवशी.

१९८६चा जानेवारी. मी नवीन, चॅलेंजर शटल रोज पुढे ढकललं जात होतं. २७ तारखेला आम्ही पहाटेपासून धक्क्यापाशी. यानाच्या दरवाजाच्या मुठीचा एक बोल्ट निघेना. तो काढेपर्यंत वारा वाढला आणि उड्डाण रद्द झालं. सगळे कुरकुरले. मीही कुरकुरले, "एक बोल्ट निघत नाही यांना!" आजोबा काही बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी कधी विसरणार नाही अशी थंडी. फ्लोरिडात, आणि पॅडवर बर्फाच्या सुया लटकलेल्या. ११ वाजून ३८ मिनिटांनी ते सुटलं. निळं आकाश, पांढरी रेघ, आवाज नाही. मी मोजत होते, आजोबांनी शिकवलं होतं ना. सत्तरच्या पुढे गेले आणि त्या रेघेचा गोळा झाला, त्यातून दोन शिंगं फुटली. मला वाटलं, असंच असतं. आजूबाजूला कोणी टाळ्यासुद्धा वाजवल्या. आणि मग, त्यानंतर, आवाज आला. सुटतानाचा, भरदार, सगळं ठीक असल्याचा. यान तोवर ७३व्या सेकंदाला तुटून गेलं होतं. त्यांचा पॅड आमच्यापासून २८-२९ किलोमीटर, त्यामुळे निघाल्याची गर्जना आमच्यापर्यंत यायला ऐंशीहून जास्त सेकंद लागले. आजोबांनी टोपी काढली होती. मला तेव्हा कळेना, आवाज तर चांगला येतोय, मग टोपी का काढली.

कारण नंतर सगळ्या जगाला कळलं. थंडीने बूस्टरच्या सांध्यातलं रबरी कडं ताठ झालं होतं, तिथून ज्वाळा निसटली. आदल्या रात्री काही इंजिनिअरांनी 'एवढ्या थंडीत नको' म्हणून सांगितलं होतं. त्यांचं ऐकलं असतं तर आणखी एक दिवस पुढे गेलं असतं, आणि मी किनाऱ्यावर आणखी एकदा कुरकुरले असते.

तेव्हापासून स्क्रब झाला की मी कुरकुरत नाही. तूही नको आणि पोरांनाही करू देऊ नकोस. कोणीतरी वेळेवर 'नको' म्हणालं आणि ते ऐकलं गेलं, एवढाच त्याचा अर्थ. त्या दिवशी डबा उघडायचा, दशम्या खायच्या, समुद्र बघायचा आणि घरी यायचं. २००६ साली सुनीता विल्यम्स पहिल्यांदा गेली, तेव्हाही ७ डिसेंबरला ढगांनी अडवलं आणि ९ तारखेच्या रात्री उड्डाण झालं. सगळा किनारा दिवसासारखा उजळला. दोन दिवसांनी काय बिघडलं?

झाल्यावर पळू नकोस

रॉकेट दिसेनासं झालं की सगळे एकदम गाड्यांकडे धावतात. पुढचे दोन तास ए-वन-ए रस्त्यावर जे होतं, ते तू विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी रोडवर पाहिलंयस. निदान तासभर वाळूतच बस. चहा थर्मासमध्ये असतोच.

थांबायला आणखी एक कारण आहे. हल्ली रॉकेटचा खालचा भाग, बूस्टर, परत येतो. बहुतेक वेळा तो दूर समुद्रात तराफ्यावर उतरतो, तो आपल्याला दिसत नाही. पण काही दिवसांनी तो तराफ्यावर उभाच्या उभा बंदरात आणतात, जेटी पार्कच्या अगदी समोरून. लाँच हुकलं असेल तर पोरांना हे दाखव. काळवंडलेला, भट्टीतून काढल्यासारखा असतो.

कधी कधी तो केपवरच उतरतो. तसं असलं तर सुटल्यापासून आठेक मिनिटांनी उत्तरेला वर बघ. आकाशातून एक ठिणगी खाली येते, जमिनीजवळ पुन्हा पेटते आणि विझते. उतरला. मग थोड्या वेळाने, पुन्हा मागूनच, ध्वनीपेक्षा वेगाने आल्याचे दणके येतात. खिडक्या खडखडतात, गाड्यांचे भोंगे वाजायला लागतात. सासूबाईंना आधी सांगून ठेव, नाहीतर घाबरतील.

शटल परत यायचं तेव्हाही असेच दोन दणके यायचे. २००३च्या १६ जानेवारीला कल्पना चावला दुसऱ्यांदा गेली, तेव्हा आम्ही मंडळातली सगळी मराठी मंडळी धक्क्यापाशी टाळ्या वाजवत होतो. त्याच उड्डाणात, ऐंशीव्या सेकंदाच्या आसपास, फोमचा तुकडा निसटून पंखाला लागला. आम्हाला काय दिसणार? १ फेब्रुवारीला सकाळी सव्वानऊला ते यान इथेच उतरणार होतं. तुझे काका घड्याळ घेऊन अंगणात, मी ओट्यापाशी चहाचं आधण ठेवून. नऊ दहा, नऊ बारा. खिडकी वाजेना. नऊ वीस झाले तरी वाजेना. काकांनी टीव्ही लावला नाही. मीही सांगितलं नाही. आधण आटून गेलं.

म्हणून गं, तो दणका ऐकल्याशिवाय मला लाँच संपल्यासारखं वाटत नाही. आता त्या बूस्टरमध्ये माणूस नसतो हे मला माहीत आहे. तरी खिडकी वाजली की तोंडातून निघतंच, "आला गं बाई घरी!"

माझे गुडघे आता वाळूत चालू देत नाहीत. मी तुमच्याबरोबर किनाऱ्यावर येणार नाही. तुम्ही तिथे मोजा, मी इथे ओट्यापाशी मोजते. आपलं घर धक्क्यापेक्षा पॅडपासून दोन-तीन किलोमीटर जास्तच दूर आहे, म्हणजे मला आवाज सात-आठ सेकंद उशिरा ऐकू येईल. दोन्ही पोरांचे आकडे कागदावर लिहून आण, मी माझा लिहून ठेवीन. बरोबर आलं तर बक्षीस. चहाचं आधण मात्र तेव्हा ठेवणार नाही. पुलावरची गर्दी मला माहीत आहे. तुम्ही तासाभराने निघा, मग ठेवते.